कोड लिहिणारे गोष्टी का लिहितात?

विज्ञानकथा म्हटलं की मराठी वाचकाला सर्वांत आधी आठवतात ते डॉ. जयंत नारळीकर. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं, हा किस्सा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. खगोलशास्त्रज्ञाने आकाशातल्या गोष्टी सांगाव्यात हे ओघानेच आलं. पण गेल्या काही दशकांत इंग्रजीतून जगभर वाचले गेलेले विज्ञानकथालेखक पाहावेत, तर तिथे चक्क आपल्याच जातकुळीची मंडळी भेटतात. म्हणजे कॉम्प्युटरवाले! व्हर्नर विंज (१९४४-२०२४) सॅन डिएगोच्या विद्यापीठात गणित आणि कॉम्प्युटर सायन्स शिकवत. 'द मार्शियन' लिहिणारा अँडी वीअर प्रोग्रॅमर होता. चीनचे लिऊ त्सिशिन एका वीजकेंद्रात कॉम्प्युटर इंजिनियर होते. आणि माझा आवडता टेड च्यांग ब्राऊन युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन बाहेर पडला आणि सॉफ्टवेअरच्या व्यवसायात टेक्निकल रायटर म्हणून नोकरी करत राहिला.

असं का व्हावं? सोपं उत्तर असं, की यांना तंत्रज्ञान कळतं म्हणून. मला ते पटत नाही. 'सायबरस्पेस' हा शब्द घराघरांत नेणारी 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) ही कादंबरी विल्यम गिब्सनने साध्या टाइपरायटरवर लिहिली, आणि तेव्हा त्याला कॉम्प्युटरचं फारसं काही कळत नव्हतं. उलट च्यांगची पहिली प्रसिद्ध कथा 'टॉवर ऑफ बॅबिलॉन' (१९९०) घ्या. तिच्यात कॉम्प्युटर औषधालाही नाही. आहेत ते बॅबिलॉनचे गवंडी, विटा आणि आभाळाला भिडणारा मनोरा.

माझ्या मते खरं कारण आहे ते या धंद्याने लावलेल्या सवयींत. पहिली सवय, नियम शेवटपर्यंत पाळण्याची. कॉम्प्युटरला "समजून घे रे बाबा" असं म्हणता येत नाही. तुम्ही जे लिहिलंत तेच तो करणार, मनात काय होतं ते त्याला काय ठाऊक? च्यांगचा मनोरा इतका उंच आहे की खालून निघालेली वीट वर पोचायला चार महिने लागतात. मग ओघानेच वाटेवर माणसांची वस्ती आली, त्यांचे भाजीचे वाफेही आले. लिऊ यांच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'मध्ये ३ कोटी सैनिक हातात झेंडे घेऊन उभे राहतात आणि त्यांचाच एक कॉम्प्युटर तयार होतो. कल्पना अचाट, पण एकदा मान्य केली की पुढचा हिशेब चोख!

दुसरी सवय मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ती म्हणजे सांभाळण्याची. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाईन'पासून (१८१८) आणि 'रोबो' हा शब्द जगाला देणाऱ्या कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या नाटकापासून (१९२०) अशा कथांचा साचा ठरलेला आहे. माणूस काहीतरी निर्माण करतो आणि ती निर्मिती त्याच्यावर उलटते. आपण आयटीवाले मात्र जाणतो, की आपलं निम्मं आयुष्य निर्मितीत जातच नाही. दुसऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं चालू ठेवणं, नवीन व्हर्जनवर नेणं, "हे आता सपोर्टेड नाही" असं ग्राहकाला सांगणं, यातच ते जातं.

च्यांगची 'द लाइफसायकल ऑफ सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट्स' (२०१०) ही लघुकादंबरी म्हणूनच मला अशा लेखनातला उत्तम नमुना वाटते. २०११ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. प्राणिसंग्रहालयातली नोकरी गेल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे वळलेली अ‍ॅना एका कंपनीत लागते. काम काय, तर 'डिजिएंट' नावाचे डिजिटल जीव वाढवायचे. त्यांना बोलायला शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, त्यांचे हट्ट पुरवायचे. पुढे ग्राहक कंटाळतात, कंपनी बंद पडते. डिजिएंट 'पॉज' करून ठेवण्याची सोय असतेच, आणि बरेच मालक तीच वापरतात. अ‍ॅना मात्र आपल्या जॅक्सला वाढवत राहते. इथे कुणी बंड करत नाही, जग बुडत नाही. संकट येतं ते आपल्या ओळखीचं. ज्या प्लॅटफॉर्मवर जॅक्स राहतो तो 'डेटा अर्थ' कालबाह्य होतो, सगळे नव्या प्लॅटफॉर्मवर जातात आणि तिकडे नेण्याचा खर्च मूठभर मालकांच्या आवाक्याबाहेरचा असतो.

दोष नाहीत असं नाही. च्यांगची भाषा जागोजागी मॅन्युअलसारखी कोरडी होते. डेरेक या सहकाऱ्याचा संसार मोडतो तोही जवळजवळ रिलीज नोट वाचावी तसा कळतो. शिवाय २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर बोलणारी यंत्रं घडली ती अफाट मजकुरावर पोसून. कुणी त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं नाही. या बाबतीत च्यांगचा रस्ता वेगळा निघाला. पण वाढवलेल्या जीवाची जबाबदारी किती काळ आणि कोणत्या किमतीला, हा त्याचा प्रश्न त्यामुळे जुना होत नाही.

परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो जास्तच टोचतो. ओस पडलेल्या डेटा अर्थमध्ये जॅक्सला सगळं येतं, पण खेळायला सवंगडी नाहीत. हे वाचताना मला रविवारच्या मराठी शाळेतली मुलं आठवली. उपमा फार ताणायला नको. मराठी काही कुणी बंद केलेली कंपनी नव्हे. २०११ च्या जनगणनेत भारतात ८ कोटी ३० लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली आहे. पण इथल्या शाळेत आपल्या लेकीच्या वर्गात मराठी बोलणारं दुसरं कुणीच नसेल, तर तिच्यापुरता डेटा अर्थ ओसच! आणि अ‍ॅनाला जे कळतं ते आपल्यालाही कळलेलं असतं. मुलाला द्यायच्या वेळेला शॉर्टकट नाही. वीस वर्षांचा अनुभव द्यायला वीस वर्षंच लागतात.

आता एक गाऱ्हाणं. आयटीतली इतकी मराठी माणसं जगभर पसरली आहेत, पण या सांभाळण्याची कथा मराठीत माझ्या वाचनात तरी क्वचितच आली. आपली विज्ञानकथा प्रयोगशाळेत आणि अंतराळात छान रमते. रात्री दोन वाजता दुसऱ्या खंडातलं सर्व्हर उठवणाऱ्या माणसाकडे ती कधी वळणार? तिथला अनुभव आपल्याकडे आहे, भाषाही आहे. मंडळाच्या अंकासाठी दर वर्षी प्रवासवर्णन पाठवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, यंदा एखादी गोष्ट लिहून पाहा ना!

तोवर ही लघुकादंबरी जरूर वाचा. 'एक्झलेशन' (२०१९) या च्यांगच्या संग्रहात ती आहे. काही प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत, तेव्हा लहानांच्या हाती देऊ नका. पण कॉलेजात जाणारा मुलगा वा मुलगी घरात असेल तर दोघांनी मिळून वाचा आणि जॅक्सला 'पॉज' करावं की नाही यावर जेवताना वाद घाला. तो वाद मराठीत घालायचा, एवढी एकच अट!