पुराव्याची साहसकथा

शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांची 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी १९१२ मध्ये लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. दक्षिण अमेरिकेतील घनदाट जंगलात, सरळसोट कड्यांनी वेढलेल्या एका पठारावर डायनोसॉर अजून जिवंत आहेत, असा प्राध्यापक चॅलेंजर यांचा दावा असतो. तो तपासण्यासाठी संशयी प्राध्यापक समरली, शिकारी लॉर्ड रॉक्सटन आणि तरुण वार्ताहर मलोन त्या पठारावर जातात. टेरोडॅक्टिलांची दलदल, रात्रीचा पाठलाग, परतीची तुटलेली वाट... पुस्तक हातात घेतले की खाली ठेववत नाही.

मग विज्ञानशिक्षकाने ते विद्यार्थ्यांना द्यावे का? द्यावे, पण तीन प्रश्नांसह.

पहिला प्रश्न पठाराचा. चॅलेंजर म्हणतात, ज्वालामुखीच्या उद्रेकाने हा भूभाग सजीवांसकट वर उचलला गेला. व्हेनेझुएला, ब्राझील व गयाना यांच्या सीमेवर अशी पठारे खरोखरच आहेत. त्यांपैकी रोराइमा सुमारे २,८०० मीटर उंच आहे. पण ही पठारे ज्वालामुखीने उचललेली नाहीत. तेथील वालुकाश्म पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. भोवतालचा खडक झिजून वाहून गेला आणि जो टिकला, तो उंच दिसू लागला.

दुसरा प्रश्न प्राण्यांचा. जगापासून तुटलेल्या जागी उत्क्रांती थांबते, हे कादंबरीचे गृहीतक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. एकाकी पडलेले जीव आपल्या वेगळ्या वाटेने बदलत जातात. गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्षी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १८८४ मध्ये एव्हरार्ड इम थर्न रोराइमाच्या माथ्यावर पोहोचले. तेथे डायनोसॉर नव्हते. होत्या त्या कीटकभक्षी वनस्पती आणि उडी न मारता चालणारे लहानसे काळसर बेडूक. हे बेडूक रोराइमा आणि त्याच्या लगतच्या पठाराखेरीज कोठेही आढळत नाहीत. शिवाय महाकाय मांसाहारी प्राण्यांची जात लाखो वर्षे टिकायची, तर त्यांची पुरेशी संख्या हवी, त्यांना पुरेसे भक्ष्य हवे आणि त्या भक्ष्याला पुरेसा चारा हवा. एवढ्याशा पठारावर हे गणित जमत नाही. विद्यार्थ्यांना ते मांडायला सांगावे.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. कादंबरीचे खरे मर्म येथेच आहे. सुरुवातीला चॅलेंजर यांच्याजवळ असते एक चित्रवही, एक हाड, पंखाचा तुकडा आणि पाण्याने खराब झालेले छायाचित्र. एवढ्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांना ते मूर्ख ठरवतात. समरली मात्र, स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही, म्हणतात आणि पाहिल्यावर भर सभेत आपली चूक कबूल करतात. वैज्ञानिक वृत्तीचा यापेक्षा चांगला नमुना कथेत शोधून सापडणार नाही.

त्याच सभेत एडिंबरोचे डॉ. इलिंगवर्थ उठून विचारतात: काल एकाचा शब्द पुरेसा नव्हता, तर आज चौघांचा का मानावा? छायाचित्रे तर बनावटही असू शकतात. लेखकाने त्यांना हास्यास्पद केले आहे. पण संगणकावर हवे ते चित्र क्षणात तयार होणाऱ्या आजच्या काळात त्यांचाच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तरादाखल चॅलेंजर पेटीतून जिवंत टेरोडॅक्टिल बाहेर काढतात. सभा अवाक होते. पण तो खिडकीतून उडून जातो आणि पुन्हा तपासता येण्याजोगा पुरावाही त्याच्याबरोबर निघून जातो!

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांपासून लपवू नये. पठारावरील वानरमानवांची हे शोधक कत्तल घडवून आणतात; उरलेल्या माद्या व पिल्ले गुलाम होतात. चॅलेंजर यांना हा मानवजातीचा विजय वाटतो. वानरमानव क्रूर होते, हे खरे. पण आयुष्यभर नव्या जीवाचा शोध घेणाऱ्याने, तो सापडताच त्याच्या विनाशाचा आनंद मानावा? साम्राज्याच्या काळातील ही दृष्टी स्थानिक व कृष्णवर्णी पात्रांच्या चित्रणातही जागोजागी दिसते.

म्हणून हे पुस्तक वर्गात वाचावे, शेवटच्या सभेपाशी थांबावे आणि विचारावे: तुम्ही श्रोत्यांत असता, तर हात कोणाच्या बाजूने वर केला असता? आणि का?