सरासरी वैमानिक कुठे राहतो?



पीएचडीच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं: "प्रस्तावित सर्व्हायव्हल जॅकेट सरासरी भारतीय वैमानिकाच्या शरीरमापांवर आधारित असेल." सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "हा सरासरी वैमानिक कुठे राहतो? एकदा भेटायचं आहे त्याला." सगळे हसले. मीही हसले, पण घरी येताना रिक्षात डोळ्यांत पाणी होतं. सहा महिन्यांचं काम त्या एका वाक्यावर उभं होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जो अहवाल सापडला, त्याची आज चिकित्सा करू. पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा, असं मला वाटतं. विषय वैमानिकांच्या अंगावरच्या सुरक्षा साधनांचा असला तरी त्यातली चूक आपण सगळेच करतो.

अहवाल आहे १९५२ चा. अमेरिकी हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाचा. शीर्षक 'द ॲव्हरेज मॅन?' शेवटचं प्रश्नचिन्ह विसरू नका, सगळा अहवाल त्या प्रश्नचिन्हात आहे.

१९५० मध्ये हवाई दलाने हजारो वैमानिकांची मापं घेतली होती. डॅनियल्सने त्यातली ४०६३ माणसं आणि दहा मापं घेतली. प्रत्येक मापात सरासरीच्या आसपासचा पट्टा आखला, साधारण पाव लोक बसतील एवढा. मग एकेक चाळणी लावली. उंचीत सरासरी निघाले १०५५. त्यांच्यापैकी छातीच्या घेरातही सरासरी ३०२. बाहीची लांबी लावल्यावर उरले १४३. पायाच्या आतल्या बाजूची उंची, ७३. धडाचा उभा घेर, २८. सीट, १२. गळा, ६. कंबर, ३. मांडी, २. आणि शेवटी आसनाचं माप लावलं तेव्हा शून्य.

म्हणजे ४०६३ जणांत दहाही मापांत सरासरी असलेला एकही माणूस नव्हता. माझ्या सरांच्या प्रश्नाला सत्तर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं होतं, मीच वाचलं नव्हतं.

आधी चांगलं काय ते सांगते. या कामात महागडं यंत्र नाही, अवघड गणित नाही. आहे तो डेटा घेतला आणि जे सगळे गृहीत धरत होते तेच तपासलं. तुमच्याकडे प्रयोगशाळा नसेल तर निराश होऊ नका. असा एक प्रश्न पुरतो. पण चांगलं काम पूजेसाठी नसतं, तपासण्यासाठी असतं. माझे त्यावर चार आक्षेप आहेत. काही डॅनियल्सवर, काही त्याची गोष्ट सांगणाऱ्यांवर.

पहिला आक्षेप: शून्याचा रुबाब. वही काढा आणि करून बघा. प्रत्येक चाळणीतून २६ टक्के लोक जात असतील आणि मापांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर दहा चाळण्यांनंतर ४०६३ पैकी किती उरतील? एका माणसाचा शंभरावा भागही नाही. पट्टा रुंद करून प्रत्येक मापात निम्मे लोक बसवले, तर त्याच हिशोबाने चार जण उरतात. म्हणजे शून्य हा आकडा काही अंशी आपणच आखलेल्या पट्ट्याचा आणि निवडलेल्या दहा मापांचा परिणाम आहे.

खरा शोध मधल्या आकड्यांत आहे. तीन मापांनंतर, संबंध नसता तर ७१ उरले असते, प्रत्यक्षात १४३ उरले. म्हणजे मापं एकमेकांशी बांधलेली आहेत. उंच माणसाची बाही लांब असणारच. पण उंचीकडून छातीकडे जाताना बघा: १०५५ मधले ३०२, म्हणजे जेमतेम २९ टक्के. उंची कळली म्हणून छाती कळत नाही. जॅकेटचे स्मॉल, मिडियम, लार्ज उंचीवरून ठरवणाऱ्याने हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

दुसरा आक्षेप: गोष्ट सांगताना बदललेला विषय. टॉड रोझ यांच्या २०१६ च्या 'दि एंड ऑफ ॲव्हरेज' या पुस्तकामुळे डॅनियल्स पुन्हा गाजला. तेव्हापासून भाषणांत, व्हिडिओंत गोष्ट साधारण अशी ऐकू येते: कॉकपिट सरासरी मापाचं होतं, म्हणून अपघात व्हायचे, डॅनियल्सने शोध लावला, खुर्च्या आणि पेडल सरकते झाले, प्रश्न मिटला. पण वरची दहा मापं पुन्हा वाचा. गळा, बाही, छाती, कंबर, सीट, मांडी, आसन. ही कॉकपिटची यादी आहे का? ही तर शिंप्याची वही आहे! अहवाल मुळात कपड्यांच्या मापांवर उभा आहे.

आम्ही मुकुंदवाडीत राहतो. आमच्या गल्लीतले टेलरकाका पँटचं माप घेताना कंबर वेगळी घेतात, सीट वेगळी, मांडी वेगळी. एकावरून दुसरं काढत नाहीत. वर शिवणीत आतून थोडी माया सोडतात, उद्या पोट सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. डॅनियल्सने जे आकड्यांनी सिद्ध केलं ते काकांच्या हाताला माहीत आहे.

मात्र काकांची युक्ती वैमानिकाच्या कपड्याला सरळ लावता येत नाही. अँटी-जी सूट घ्या. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा रक्त पायांकडे ओढलं जातं, मेंदूला कमी पडतं आणि शुद्ध हरपू शकते. सूटमधल्या पोट, मांड्या आणि पोटऱ्यांवरच्या पिशव्या त्या क्षणी हवेने फुगतात आणि रक्त खाली साचू देत नाहीत. तो सूट सैल असेल तर दाब पोचत नाही. उसवून आत घेतला तर पिशवी जागेवरून सरकते. इथे 'फिटिंग' हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, शुद्धीवर राहण्याचा होतो. म्हणून "खुर्ची सरकती केली की झालं" हा शेवट कपड्यांच्या बाबतीत फसवा आहे.

तिसरा आक्षेप: ते ४०६३ कोण होते? सगळे पुरुष. सगळे हवाई दलाच्या निवडीच्या अटींतून आधीच गाळून आलेले. यामुळे डॅनियल्सचा निष्कर्ष उलट भक्कम होतो: इतक्या एकसारख्या निवडलेल्या लोकांतही सरासरी माणूस नाही, तर बाकीच्यांत कुठून असणार? पण त्यावरून जो उपाय निघाला, पाचव्या ते पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलपर्यंत सामावून घ्या, तो त्याच गटापुरता होता.

पुढे काय झालं? अमेरिकी हवाई दलाच्या कॉकपिटची मापं दीर्घकाळ १९६७ च्या पुरुष वैमानिकांच्या पाहणीवर चालत राहिली. अर्जदार वैमानिकांसाठीची ५ फूट ४ इंच ते ६ फूट ५ इंच ही उंचीची अट २०२० मध्ये काढली गेली आणि त्याच वर्षी नव्या रचनांसाठी भरतीयोग्य स्त्री-पुरुषांची मापं धरायला सांगितलं गेलं. नमुन्यात जो नव्हता, तो पन्नासहून अधिक वर्षं दाराबाहेर उभा राहिला. खरं तर 'उभी राहिली' म्हणायला हवं.

आपल्याकडे १८ जून २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक हवाई दलात दाखल झाल्या. बेंगळुरूला डीआरडीओची डेबेल ही प्रयोगशाळा वैमानिकांची साधनं विकसित करते, तिथेच हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे. या विषयात काम करायचं असेल तर जुन्या मापांचा तक्ता हातात आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: मापं कोणाची, कधीची, आणि यात कोण नाही?

पाच ते पंच्याण्णवचाही हिशोब करा. एका मापात शंभरातले ९० बसतात. दहा मापं एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर सगळ्यांत बसणारे उरतात फक्त ३५. प्रत्यक्षात सहसंबंधामुळे जास्त उरतील, पण ९० नक्कीच नाही. "आमचं साधन ९० टक्के लोकांना बसतं" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी थांबा.

चौथा आक्षेप: उभं, शांत शरीर. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मापं घेताना माणूस टेपसमोर स्थिर असतो. सुरक्षा साधन वापरताना तो बांधलेला असतो, घाबरलेला असतो, हातात मोजे असतात, कदाचित धूर असतो, कदाचित पाणी.

आमच्या गच्चीवरून चिकलठाण्याला उतरणारी विमानं दिसतात. याच धावपट्टीवरून २६ एप्रिल १९९३ ला उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान पलीकडच्या बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गठाणींच्या ट्रकला धडकलं आणि पुढे कोसळलं. ११८ जणांतले ५५ गेले, ६३ वाचले. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं आणि रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती, अशी कारणं चौकशीत पुढे आली. अपघात का झाला, हा एक प्रश्न. धडकेनंतरच्या मिनिटांत कोणाला बाहेर पडता आलं आणि कोणाला नाही, हा दुसरा. आपला विषय त्या दुसऱ्या प्रश्नात राहतो. वर्तमानपत्रं आणि बरेचदा आपणही पहिल्यावरच थांबतो.

त्या मिनिटांत चांगलं साधनही उलटू शकतं. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा अनेकांनी लाइफ जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी शिरल्यावर जॅकेटने त्यांना छताकडे उचललं आणि दार खालीच राहिलं. जॅकेट मापात होतं, तरंगतही होतं. चुकलं ते फुगवण्याचं वेळापत्रक. मुंबई हायला हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनाही म्हणूनच "आधी बाहेर पडा, मग फुगवा" हा क्रम घोटून घ्यावा लागतो. हेलिकॉप्टर पाण्यात बहुधा उलटं होतं.

डॅनियल्सच्या तक्त्यात अकरावं माप असायला हवं होतं: वेळ. मोजे घातलेल्या हाताने बकल किती सेकंदांत सुटतं? दिसत नसताना टॅब सापडतो का? डॅनियल्सला याचा दोष देत नाही, त्याचा प्रश्न वेगळा होता. दोष आपला, कारण आपण त्याचं उत्तर आपल्या प्रश्नाला चिकटवतो.

तर तुमच्या सिनॉप्सिससाठी एवढंच सांगते. 'सरासरी वापरकर्ता' हे शब्द दिसले की खोडा आणि त्या जागी तीन ओळी लिहा: कोणती शरीरं, कोणत्या स्थितीत, किती सेकंदांत. नमुन्यात कोण नाही, तेही स्वतःच लिहून टाका. समितीने विचारायची वाट बघू नका. आणि चाचणी ज्याला साधन छान बसतं त्याच्यावर सुरू करू नका. ज्याला बसणार नाही असं वाटतं, त्याला आधी बोलवा.

मी ते वाक्य बदललं. नव्या सिनॉप्सिसमध्ये 'सरासरी' हा शब्द एकदाच येतो, तोही प्रश्नचिन्हासकट. त्याच सरांनी तो वाचला, चष्मा काढला नाही, फक्त पुढचं पान उलटलं.

तुमच्या विषयातला 'सरासरी माणूस' कोण आहे? शेतकरी, विद्यार्थी, रुग्ण, मतदार? आज रात्री आपला सिनॉप्सिस काढा आणि त्याला शोधा. सापडला तर मलाही कळवा.