आकडा यंत्राचा, जबाबदारी कोणाची?

२०१४ साली दहा भौतिकशास्त्रज्ञांनी ‘मॅडग्राफ-५ एएमसी अ‍ॅट एनएलओ’ या संगणकप्रणालीवर दीडशेहून अधिक पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉनांच्या टकरींतून काय आणि किती निर्माण व्हावे, याचे गणित त्यांनी यंत्राच्या स्वाधीन केले. हे गणित पायरीपायरीने चालते: आधी ढोबळ उत्तर, मग पहिली दुरुस्ती, मग दुसरी. पहिल्या दुरुस्तीसाठीच पूर्वी एकेका प्रक्रियेमागे तज्ज्ञांची वर्षे खर्ची पडत. आता दोन-चार आज्ञा पुरतात. दुरुस्तीच्या दोन भागांत उद्भवणाऱ्या अनंत राशी एकमेकींना छेदतात की नाही, हेही प्रणाली स्वतः तपासते. या कामगिरीविषयी माझ्या मनात आदरच आहे.

माझा आक्षेप आहे तो तक्त्यांमधील आकड्यांशेजारी टक्क्यांत छापलेल्या अनिश्चिततेच्या वाचनाला. गणित करताना एक संदर्भ-ऊर्जा निवडावी लागते. ती निम्मी आणि दुप्पट करून उत्तर किती हलते, हे पाहून या अनिश्चिततेचा एक भाग काढतात. निम्मी आणि दुप्पटच का? तसा रिवाज आहे म्हणून. त्यामागे संभाव्यतेचा सिद्धान्त नाही.

रिवाज फसतो कसा, हे हिग्ज बोसॉनने दाखवले आहे. दोन ग्लुऑनांपासून हिग्ज निर्माण होण्याच्या ढोबळ उत्तराभोवती हा पट्टा सुमारे १५ टक्क्यांचा येतो. पहिली दुरुस्ती मात्र उत्तर दुपटीहून अधिक वाढवते. ग्लुऑन आणखी ग्लुऑन सहज उधळतात, आणि ढोबळ पायरीत त्यांचा हिशेबच नसतो. जे गणितात आलेले नाही, ते संदर्भ-ऊर्जा हलवून कसे दिसणार?

हाताने गणित करणाऱ्याला हा धोका माहीत असे, कारण तो प्रत्येक पद ओळखत असे. आज्ञा टंकणाऱ्याला ती ओळख होतेच असे नाही. पट्टा खरोखरीपेक्षा अरुंद असेल, तर सिद्धान्त आणि प्रयोग यांतला साधा फरकही नव्या भौतिकीची चाहूल वाटू शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधकही सर्नच्या सीएमएस प्रयोगात आहेत. हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे.

म्हणून माझी अपेक्षा साधी आहे. यंत्राचा आकडा वापरणाऱ्याने पुढच्या पायरीवर कोणते नवे मार्ग खुले होतात, हे दोन ओळींत लिहावे. यंत्राने श्रम वाचवले आहेत. त्यातला थोडा वेळ या दोन ओळींना द्यायला हरकत नसावी.