ताराबाईंचा प्रश्न

१८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेस नवजात बालकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली; ती पुढें कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें समस्त स्त्रीजातीवर जो गहजब उठला, त्यास ताराबाई शिंदे यांनीं दिलेलें उत्तर म्हणजे १८८२ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालेलें ‘स्त्रीपुरुषतुलना’.

या पुस्तकाची मांडणी विस्कळित व भाषा तिखट आहे, हें आम्हांस नाकबूल नाहीं. परंतु स्त्रिया निर्दोष आहेत असा बाईंचा दावाच नव्हे. जे दोष स्त्रियांच्या पदरीं बांधले जातात ते पुरुषांत अधिक नाहींत काय, एवढेंच त्या विचारतात. पोशाखाचेंच पाहा. पुरुषांनीं विलायती वेष चढविला तरी धर्म अबाधित. तो सांभाळण्याचा भार मात्र बायकांच्या माथीं! या विसंगतीवर बाईंनीं नेमकें बोट ठेविलें आहे. आम्ही स्वतः कोट-पाटलोण घालून वर्गांत उभे राहतों आणि विद्यार्थिनींच्या पोशाखाविषयीं नापसंती दर्शवितों. तेव्हां हा वार आम्हांवरही आहेच.

जोतीराव फुल्यांनीं बाईंची बाजू घेतली. पुढें पुस्तक विस्मृतींत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रकाशांत आणलें. पुस्तक सांपडलें खरें; त्यांतील प्रश्नाचें उत्तर देणें अद्याप आम्हां पुरुषांकडे बाकी आहे.