आपला म्हणावा असा अभंग



मागच्या एकादशीला आमच्या शिरोळात हरिपाठ संपल्यावर टाळ गोळा करताना एका तरुण टाळकऱ्याने मला विचारले, "काका, तुम्हाला सगळ्यांत आवडणारा अभंग कोणता?" मी चटकन एका प्रसिद्ध अभंगाचे नाव सांगितले. पोर मान हलवून गेले. घरी येताना माझे मलाच खटकले. तो अभंग मला आवडतो तो चालीमुळे. लहानपणी पहाटे रेडिओवर ती चाल ऐकली आणि ती कानात राहिली. चाल बाजूला ठेवून त्यातले शब्द मी कधी वाचले होते का? नव्हते. मी पोराला दुसऱ्याची आवड सांगून आलो होतो.

तुम्ही म्हणाल, संतवचनात आवडनिवड कसली? सगळीच वाणी पूज्य. खरे आहे. पण एकट्या तुकोबांच्या शासकीय गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. ते सगळे एकाच माणसाच्या काळजाला एकाच वेळी भिडत नाहीत. डोके सगळ्यांपुढे टेकवावे. पण अवघड रात्री ज्याचा हात धरावासा वाटतो, असा अभंग एखादाच असतो. आवड म्हणतो ती मी याला. ती कशी लागते, याचे मोठे उदाहरण आपल्याच कोल्हापुरात घडलेले आहे.

संत बहिणाबाई (१६२८–१७००), खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, मूळच्या वेरूळजवळच्या देवगावच्या. लग्न अगदी बालपणी झाले. पती वयाने पुष्कळ मोठे, वैदिक ब्राह्मण. घरावर संकट आले, गाव सुटले आणि फिरत फिरत ते कुटुंब कोल्हापुरात येऊन राहिले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग बहिणाबाईंच्या कानी पडले, आणि त्यांना दुसरे काही सुचेना.

माउली, इथे जरा थांबा. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते. आज त्यांना जी मान्यता आहे, ती तेव्हा नव्हती. ज्या घरात वेदांचा मान, त्या घरातल्या सुनेला शूद्र गणल्या गेलेल्या कवीचे शब्द आवडले. कोणी शिफारस केली नव्हती, उलट पतीने मारहाण केली. तरी त्यांनी ती आवड सोडली नाही. पुढे स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला, पतीचेही मन पालटले आणि दोघे देहूला गेले. मला रेडिओने आयती आवड दिली. बहिणाबाईंनी आपल्या आवडीची किंमत अंगावर सोसली.

आता आपले पाहा. बहिणाबाईंचा कोणता अभंग आपल्याला येतो? ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतच्या परंपरेला मंदिराचे रूपक दिलेला, तेवढाच. अभंग थोर आहे, त्यात वाद नाही. पण त्यात स्वतः बहिणाबाई फारशा दिसत नाहीत. त्या दिसतात आत्मनिवेदनाच्या अभंगांत. तिथे त्या आपले लग्न, प्रवास, मार, आजारपण सांगतात. बाईचा देह मिळाला म्हणून वेदाचे दार बंद झाल्याची व्यथा सांगतात. जस्टिन ॲबट या परदेशी मिशनऱ्याने हे सारे इंग्रजीत नेले, तो ग्रंथ १९२९ साली निघाला. आणि आपण वारकरी अजून एकाच अभंगावर आहोत.

असे का झाले, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आत्मनिवेदन गायला सोपे नाही. त्यात एकामागून एक प्रसंग येतात, सांगणे साधे, रूपके थोडी. कीर्तनात सेवेला घ्यावे तर निरूपण कुठे थांबवावे ते कळत नाही. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा "ही तर नुसती हकिगत" म्हणून पुस्तक मिटले होते.

मग २०१९ चा महापूर आला. ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी आमच्या तालुक्यात कसे पसरले, ते तुम्ही पाहिले किंवा ऐकले आहे. आम्ही छावणीत होतो, गाथा घरी माळ्यावर. बाहेर शेजाऱ्याचे एक वासरू बांधलेले, ते रात्रभर हंबरत होते. मला माझा आवडता म्हणवला जाणारा अभंग आठवला नाही. आठवले ते बहिणाबाईंचे वासरू. कोल्हापुरात त्यांना त्याचा लळा होता, ते त्यांच्यामागून कीर्तनालाही जाई. लोकांनी त्याला बाहेर काढले तेव्हा त्या रडल्या, आणि जयरामस्वामींनी त्याला परत आत आणवले. पुढे ते वासरू गेले आणि त्या शुद्ध हरपून पडल्या.

पाणी ओसरल्यावर मी ते अभंग पुन्हा काढले. शब्द तेच होते. पण या खेपेला तो साधेपणा मला उणा वाटला नाही. ज्याने दुःख भोगले आहे त्याला ते सजवावे लागत नाही, हे छावणीतून आल्यावर कळले. दोष अभंगांचा नव्हता, मी आधी उपाशी नव्हतो.

म्हणून एक विनंती. या पंधरवड्यात गाथा उघडा आणि न गाता वाचा. नावाजलेले अभंग क्षणभर बाजूला ठेवा. एखादे पान कोरडे वाटले तर मिटू नका, खूण घालून ठेवा आणि वर्षभराने परत या. जो अभंग चालीवाचून, टाळावाचून, कोणी न सांगता तुमच्याजवळ थांबेल, तो तुमचा.

त्या पोराला येत्या एकादशीला खरे उत्तर द्यायचे आहे. त्याला वासराचा प्रसंग वाचून दाखवीन म्हणतो. त्याला आवडला नाही तरी चालेल.