हिरव्यातला लाल

'हरितक्रांती' हा शाळेत दोन मार्कांचा प्रश्न असतो. उत्तरात बोरलॉग आणि स्वामिनाथन, आणि पोरगं महाराष्ट्रातलं असेल तर वसंतराव नाईक. त्यात 'हरित' का, हे कुणी विचारत नाही. पीक हिरवं असतं, म्हणून असेल.

पण हा शब्द शेतात तयार झालेला नाही. ८ मार्च १९६८ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका भाषणात विल्यम गॉड यांनी तो वापरला. गॉड हे 'यूएसएड'चे, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: शेतीत जे घडतंय ती सोव्हिएतांसारखी हिंसक लाल क्रांती नाही, इराणच्या शहाची पांढरी क्रांतीही नाही, ही हिरवी क्रांती आहे. म्हणजे हिरवा रंग निवडला तो लालच्या विरोधात. मराठीत येताना शब्द आला, त्याचा शत्रू मात्र मागेच राहिला.

निक कलाथर या अमेरिकन इतिहासकाराचं 'द हंग्री वर्ल्ड' (२०१०) हे पुस्तक या मागे राहिलेल्या भागाबद्दल आहे. कलाथर यांनी आधी ग्वाटेमालातल्या सीआयएच्या कारवाईचा इतिहास लिहिलाय, तोही सीआयएच्या नोकरीत असताना. त्यामुळे सरकारी फायलीत काय लिहितात आणि काय गाळतात, हे त्यांना नीट कळतं.

पुस्तकाची सुरुवात मला सगळ्यात आवडली, कारण ती एका मेट्रिकची गोष्ट आहे. १८९६च्या सुमारास विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचा शास्त्रज्ञ माणसाला बंद खोलीत बसवून त्याच्या शरीराची उष्णता मोजतो, आणि अन्न 'कॅलरी' या एका आकड्यात बसतं. एकदा आकडा मिळाला की देशांची तुलना होते, तूट काढता येते, धोरण आखता येतं. मी दिवसभर डॅशबोर्ड बनवतो. जे मोजता येत नाही ते स्क्रीनवर दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मीटिंगही होत नाही, हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

इथे काय दिसेनासं झालं? जमीन. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्ट झाला. क्रांती कारखान्यातला कामगार करेल, असं मार्क्सवादी पोथी सांगत होती. माओने ती शेतकऱ्यांच्या जोरावर करून दाखवली. वॉशिंग्टनने त्यातून धडा घेतला, की आशियातला भुकेला शेतकरी लाल होतो, तेव्हा त्याचं पोट भरा. मॉस्को आणि पेकिंगचा प्रश्न होता 'जमीन कुणाची?' अमेरिकेने त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेवला: 'एकरी किती?' दोन महासत्तांच्या भांडणाचं मूळ मला या दोन प्रश्नांत जितकं स्पष्ट दिसतं, तितकं क्षेपणास्त्रांच्या आकड्यांत दिसत नाही.

आणि ही भीती फक्त तिकडची नव्हती. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. त्याच संस्थानाच्या तेलंगण भागात १९४६ ते १९५१ कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध शस्त्रं उचलली. विनोबांना पहिलं भूदान पोचमपल्लीत मिळालं, तेही याच पेटलेल्या भागात.

इथेच माझी पुस्तकाबद्दलची तक्रार सुरू होते. कलाथर वॉशिंग्टनहून निघतात आणि वॉशिंग्टनलाच परततात. गहू आणि भात हे त्यांचे नायक. ज्वारीला त्या नाटकात भूमिका नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५-६६ मध्ये भारताचा गहू कसा थोडा थोडा सोडला, व्हिएतनामवरच्या आपल्या टीकेचा राग त्यात कसा मिसळला, हे ते उत्तम सांगतात. पण खेड्यात बियाण्याची पिशवी कुणी विकली, यात त्यांना फारसा रस नाही.

ती पिशवी आमच्याकडे विकली गेली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' सुरू केली. रॉकफेलर फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांचं सहकार्य होतं, ही गोष्ट खरी. पण म्हणून जालन्याचा बियाणे उद्योग म्हणजे अमेरिकेने हलवलेलं प्यादं, असं म्हणणं आळशीपणाचं आहे. संकरित बियाणं घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर तसं पीक येत नाही. दरवर्षी नवं घ्यावं लागतं. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन. यात धंदा आहे, हे ओळखायला शीतयुद्ध कळावं लागत नाही. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गावाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे.

नाईकांची गोष्ट आपण सांगतो तीही अशीच अर्धी. १९६५ मध्ये पुण्याला शनिवारवाड्यासमोर ते म्हणाले, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. मराठीत हे वाक्य शौर्यकथेसारखं सांगितलं जातं. त्याच महिन्यांत धान्याची जहाजं कुणाच्या मर्जीवर सुटत होती, हे शेजारी ठेवलं की ते शौर्यापेक्षा अगतिकतेचं वाटतं, आणि मला तरी जास्त खरं वाटतं.

मग आला १९७२चा दुष्काळ. त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत युनियनने अमेरिकेकडून कोटभर टनांहून जास्त गहू उचलला. कम्युनिस्टांनी भांडवलदारांच्या बाजारात खरेदी केली आणि जगभर गव्हाचे भाव भडकले. १९७३ मध्ये त्याच सोव्हिएतांनी भारताला २० लाख टन गहू उसना दिला. विचारसरणीचं पुस्तक मिटवून ठेवावं असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला आली लाल मिलो, अमेरिकन ज्वारी. माझी आजी आजही 'मिलो' म्हणताना तोंड वाकडं करते. तिच्या मते ते माणसाचं खाणंच नव्हतं. 'हायब्रीड' हा शब्दही तिच्या तोंडी शिवीसारखाच येतो: भाकरीला चव नाही, कडब्याला उंची नाही, पावसात कणीस काळं पडतं, आणि आमची सगळी पिढी हायब्रीड. कॅलरीच्या आकड्यात यातलं काहीच बसत नाही.

आजीला एक गोष्ट सांगून पाहिली, तिचा विश्वास बसला नाही. ज्वारीचं फूल बारीक. हाताने संकर करायचा तर मोठ्या प्रमाणावर जमत नाही. परागकण वांझ असलेलं मादी वाण हवं. ते टेक्सासमधल्या दोन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये शोधलं: काफिर ज्वारीची गुणसूत्रं आणि मिलोचं पेशीद्रव्य एकत्र आलं की पराग वांझ होतो. १९६४ साली भारतात आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीची आई याच अमेरिकन घराण्यातली. रेशनच्या रांगेत मिलो मिळायच्या आठ वर्षं आधीच ती बियाण्यातून देशाच्या शिवारात आलेली होती.