थरार कुणाचा, हजेरी कुणाची

रात्री काम आटोपून लॅपटॉप मिटला की मी मोबाईलवर शार्कचे व्हिडिओ बघतो. वाईट सवय आहे, पण आहे. श्वास रोखून खोल उतरलेला एखादा डायव्हर भाला सोडतो, मासा तडफडतो, पाण्यात रक्ताचा धूर पसरतो आणि निळ्या अंधारातून एक राखाडी आकार सरळ कॅमेऱ्याकडे येतो. खाली हजारो कमेंट. त्यात माझीही एक असायची : ‘थरारक!’

मी तेरखेड्याचा. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं गाव. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. तेव्हा शार्कवर मी बोलावं, याला तसा काही आधार नाही. पण गेल्या दिवाळीत घरी असताना पुलंनी केलेला हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा अनुवाद, ‘एका कोळियाने’, पुन्हा वाचला आणि त्या ‘थरारक’ शब्दाशी माझं भांडण सुरू झालं.

मूळ कादंबरी 1952ची, पुलंचा अनुवाद 1965चा. कथा बहुतेकांना माहीत असते. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा सान्तियागो एकटा लांब समुद्रात जातो, होडीपेक्षाही मोठा मार्लिन पकडतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क तो मासा खाऊन टाकतात. अकरावीत वाचलं तेव्हा मला शार्कचे हल्ले तेवढे लक्षात राहिले. पहिला माको येतो तो प्रसंग मी मित्रांना हातवारे करून सांगायचो.

या वेळी तो प्रसंग तात्यांना सांगितला. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्यो मासा कितीला गेला असता?”

मी हसलो. मग पुस्तक उघडलं आणि गप्प झालो. कारण तो हिशोब पुस्तकात आहे. मासा होडीला बांधल्यावर, पहिला शार्क यायच्या आधी, म्हातारा मनात आकडे मांडतो : वजन पंधराशे पौंडांच्या वर, साफ केल्यावर दोन तृतीयांश उरेल, पौंडाला तीस सेंट. नीट गुणाकार करायला पेन्सिल हवी, असंही त्याला वाटतं. म्हणजे साधारण तीनशे डॉलर. दोनदा वाचूनही मी हा हिशोब ओलांडून गेलो होतो. तात्यांनी पुस्तक न वाचता तो नेमका पकडला.

इथून पाहिलं की पुस्तक बदलतं. शार्कचा प्रत्येक हल्ला म्हणजे हिशोबातली वजाबाकी. पहिला माको सुमारे चाळीस पौंड मांस तोडतो आणि मरताना हार्पून, दोर घेऊन बुडतो. मग वल्ह्याला बांधलेला सुरा, तो मोडल्यावर दांडका, शेवटी सुकाणूचा दांडा. शार्क माणसावर चालून येतच नाहीत, ते माशावर येतात. हेमिंग्वे भीती वाढवत नेत नाही, हत्यारं कमी करत नेतो. म्हणून या लढाईत आपण हादरतो ते दातांनी नाही. आता म्हाताऱ्याच्या हातात काय उरलंय, या प्रश्नाने.

व्हिडिओत नेमकं हेच कापलेलं असतं. चौऱ्याऐंशी रिकामे दिवस चाळीस सेकंदांत कसे बसणार? गळाने मासेमारी करणाऱ्या परदेशी लोकांत मासा पळवणाऱ्या शार्कला गमतीने ‘टॅक्सवाला’ म्हणतात. छंद असेल तर कर भरून हसता येतं. पोट असेल तर येत नाही.

‘जॉज’शी तुलना करून बघा. पीटर बेंचलीची कादंबरी 1974ची, स्पीलबर्गचा सिनेमा 1975चा. यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बिघडायचा, म्हणून अर्ध्याहून जास्त सिनेमा तो नीट दिसतच नाही, आणि न दिसण्यातूनच भीती तयार होते. कारागिरी अव्वल. पण तिथला शार्क माणसावर डूख धरून आल्यासारखा वागतो. त्या प्रतिमेचा पुढे बेंचलीलाच पश्चात्ताप झाला आणि उरलेलं आयुष्य त्याने शार्क वाचवण्याच्या कामाला दिलं. आणखी विलक्षण गोष्ट रॉडनी फॉक्सची. डिसेंबर 1963मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत ग्रेट व्हाइटने त्याला छातीपाशी धरलं. साडेचारशेहून जास्त टाके पडले. तो वाचला, पाण्याखालच्या पिंजऱ्यातून शार्क बघण्याची पद्धत त्याने रुजवली आणि शार्कच्या बाजूने बोलत राहिला. ज्याच्या अंगावर दात उमटले त्याला शार्क राक्षस वाटला नाही. थिएटरात बसलेल्यांना वाटला.

हेमिंग्वेही या बाबतीत पूर्ण सुटत नाही. म्हाताऱ्याला माको सुंदर, निडर वाटतो. नंतर येणारे ‘गॅलानो’ मात्र घाणेरडे, उष्ट्यावर जगणारे. पोटासाठी आलेल्यांतही त्याने वरची-खालची पंगत मांडली. मला हे खटकतं. गॅलानोही त्या रात्री कामावरच आले होते.

आपल्याकडे हा विषय फक्त पुस्तकातला नाही. कोकणात शार्कला मोरी किंवा मुशी म्हणतात आणि तिचं कालवण होतं. तिथे शार्क आधी बाजारातला मासा आहे. फेब्रुवारी 2024मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरायला गेलेल्या तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो बुल शार्क असल्याचं सांगितलं गेलं. ही जात खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात शिरू शकते. त्या दिवशी माझ्या मोबाईलवर क्लिपा येऊन पडल्या, त्यांवरही तोच शब्द होता : थरारक. मीही एक पुढे ढकलली. मासे धरून जगणाऱ्याने पाय जायबंदी झाल्यावर काय करायचं, हे त्या क्लिपेत नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

खरं तर मला ते सुचायला हवं होतं. तेरखेडा फटाक्यांचं गाव. वर्तमानपत्रं त्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. तात्या अशाच एका कारखान्यात दारू भरायचे. मी सातवीत असताना तिथे स्फोट झाला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. नंतर बाहेरून कुणी माहिती घ्यायला आले. त्यांनी विचारलं, आवाज केवढा झाला? धूर किती उंच गेला? तात्या म्हणाले, “आवाजाचं काय इचारता, त्या दिवशीची हजेरी बी पडली न्हाई.”

ते वाक्य कुठेच छापून आलं नाही. स्फोटाचं वर्णन आलं.

कादंबरीच्या शेवटी किनाऱ्यावर माशाचा नुसता सांगाडा उरतो. हॉटेलातली एक पर्यटक बाई विचारते, हे काय? वेटर शार्कने काय केलं ते सांगू पाहतो, आणि तिला वाटतं हा सांगाडाच शार्कचा. शार्कची शेपटी इतकी देखणी असते हे माहीत नव्हतं, असं ती म्हणते. पूर्वी मला हा विनोद वाटायचा. आता वाटतं, हेमिंग्वेने त्या बाईच्या जागी आपल्याला बसवलंय. समोर एका माणसाची बुडालेली मजुरी पडलेली असते आणि आपल्याला दिसतो फक्त शार्क.

मी व्हिडिओ बघणं सोडलेलं नाही. शार्क वळताना अजूनही अंगावर काटा येतो, आणि तो खोटा नाही. फक्त कमेंट करायचं थांबवलंय. पुस्तक तात्यांकडेच ठेवून आलो. परवा फोनवर म्हणाले, तीनशे डॉलरचा हिशोब बरोबर आहे, पण बर्फाचा खर्च त्यात धरलेला नाही.